सव्वासहा मिलिमीटर

संगणकाचा मला राग आला तो वडशात, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही. खरं तर संगणकाने काहीच वाकडं केलं नव्हतं. मी जे सांगितलं तेच त्याने मुकाट्याने केलं, आणि माझं दुखणं तेच आहे. चूक यंत्राची असती तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. नागपुरात इंजिनियरिंग आटोपून, वर कॅडचा, म्हणजे संगणकावर आराखडे काढायचा, कोर्स करून मी गावी परतलो होतो. वडशात तेव्हा भाताच्या गिरण्या होत्या, रेल्वे होती, हिवाळाभर नाटकं होती. थ्री-डी मॉडेल करणाऱ्या माणसाला तिथे कोण विचारतो? घरचे रोज पुण्याचं नाव काढायचे. मी म्हणायचो, जातो जातो, आणि जात नव्हतो. तेवढ्यात एका संस्थेचं काम हाती आलं. कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या गावांमध्ये ही संस्था काम करायची. तिला चारोळी फोडायची मशीन हवी होती, आणि ती कोणीतरी 'शास्त्रीय पद्धतीने' तयार करावी अशी तिच्या साहेबांची इच्छा होती. शास्त्रीय पद्धत म्हणजे मी.

श्रीखंडावर पेरतात ती चारोळी फोडायला किती कठीण असते हे मला त्याआधी माहीत नव्हतं, आणि मी तर त्याच जिल्ह्यात वाढलेला. चार नावाचं झाड असतं. त्याला काळी, बोराहून लहान फळं लागतात. फळाच्या आत कठीण कवचाचं बी आणि त्या कवचाच्या आत चारोळी. गावातल्या बाया सपाट दगडावर एकेक बी ठेवून दुसऱ्या दगडाने ठोकतात. जोर कमी पडला तर बी उडून जातं, जास्त झाला तर आतल्या चारोळीचा भुगा होतो आणि मध्येच केव्हातरी बोट सापडतं. भुगा कोणी घेत नाही. त्यामुळे बहुतेक घरं ते कष्ट नको म्हणून कवचासकट बी व्यापाऱ्याच्या गाडीत टाकून मोकळी होत.

हे सगळं मला समजावून सांगणारी बाई पन्नाशीची असेल. गोंड घरातली, काटक, बोलायला रोखठोक. गावाची सभा भरली की बाया मागे बसत आणि पुरुष बोलत. बायांमधून उठून बोलायची ती एकटी. हा मान तिला कोणी दिलेला नव्हता, तिनेच एकदा उठून तो घेतला होता आणि मग गावाला सवय झाली. त्या वर्षी तिने सभेत सांगितलं होतं की यंदा चाराचं बी व्यापाऱ्याला द्यायचं नाही, राखून ठेवायचं, मशीन येणार आहे, चारोळी आपण गावातच काढू. पाटील कुरकुरला. इतर पुरुषांनी मान हलवली, पण होकाराने नाही. तरी तिच्या शब्दावर अकरा घरांनी बी राखायचं कबूल केलं.

मला तिने एवढंच म्हटलं, ''बाबू, मी सांगून बसली लोकायले. तू वेळेवर आण मंजे झालं.''

मी म्हटलं, ''बाई, कॉम्प्युटरवर होऊन राह्यलं ना. त्यात चूक होत नाई.''

हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

मशीनचा आराखडा करायचा तर आधी बी मोजायला हवं. चैत्र नुकताच लागला होता. मी मोटारसायकलवर गावात गेलो आणि तिच्याकडे दोन-तीन किलो बी मागितलं. ती आत गेली. आत म्हाताऱ्या सासऱ्याशी तिचं गोंडीत थोडा वेळ बोलणं झालं. मग एक वाळलेला भोपळा घेऊन बाहेर आली आणि त्यातलं बी माझ्या पिशवीत ओतलं. मी आभार मानले, चहा प्यायलो, निघालो. वाटेत चाराच्या झाडांवर फळं काळी पडायला लागलेली होती. मी ती पाहिली, छान वाटलं, आणि पुढे गेलो.

पुढचा दीड महिना माझा असा गेला की विचारू नका. मोजण्याचं काम सोपं होतं. व्हर्नियर घेऊन दोनशे बिया मोजल्या. कवच किती जाड, आतली चारोळी किती मोठी, दोघांमध्ये पोकळी किती, कवच किती वजनाखाली तडकतं, हे सगळं वहीत लिहिलं. त्यापुढे संगणक. तो मी नागपुरातून जुना घेतला होता. त्याचं पोट एवढं लहान की बियाचं मॉडेल थोडं बारीक केलं तरी तो गार पडायचा. हिशोबासाठी संगणक त्या बियाचे हजारो बारके तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यावर किती दाब येतो ते काढतो आणि सगळं जोडून चित्र दाखवतो. ते चित्र यायला सहा तास लागत. आणि आमच्याकडे दिवसाला सलग सहा तास वीज असणं म्हणजे चमत्कारच. नव्वद टक्के झाले की वीज जायची. यूपीएस बारा मिनिटं किंचाळायचा आणि मग तोही मान टाकायचा. सॉफ्टवेअर फुकट वापरायची मुदत तीस दिवसांची होती. ती संपली तेव्हा मी संगणकातली तारीखच मागे नेली. त्यामुळे त्या सगळ्या फायलींवर मी मागच्या वर्षी मशीन तयार केल्याचं दिसत होतं.

आईने एकदा विचारलं, ''तू दिवसभर त्या टीव्हीसमोर बसून करून काय राह्यला?''

''बी फोडून राह्यलो.''

''मंग खलबत्ता घे ना बाप्पा.''

मी चिडून दार लावून घेतलं. पण शेवटी चित्र आलं. दोन लोखंडी रूळ, दोन्ही एकमेकांकडे फिरणारे, वरून बी पडतं, रुळांच्या फटीत दाबलं जातं, कवच तडकतं, चारोळी अखंड खाली येते. कवचावर लाल रंग, म्हणजे तिथे दाब जास्त. आतल्या चारोळीवर निळा, म्हणजे तिला धक्का नाही. फट किती? सव्वासहा मिलिमीटर. साडेसहाला कवच तडकत नव्हतं, सहाला चारोळी चेपत होती. संस्थेच्या साहेबांना ती रंगीत चित्रं इतकी आवडली की त्यांनी ती अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकली. मशीन अजून जन्मायची होती आणि मुखपृष्ठ तयार होतं.

आता मशीन तयार करायची. वडशात स्टेशन रोडला एक मिस्त्री होते, मुसलमान, वडलांपासून लोखंडाचं काम. भाताची मळणी यंत्रं, गेटं, नाटकाच्या मंडपाचे लोखंडी सांगाडे, सगळं त्यांच्या हातून जायचं. मी त्यांना चाचा म्हणायचो, वडशातले सगळेच म्हणायचे. मी कागदावर छापलेली नऊ ड्रॉइंग्ज त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली, बाजूला ठेवली, खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर मशीन आहे तेवढी काढायला लागले. पूर्ण मापात. हीच त्यांची पद्धत होती. लोखंडाचा तुकडा कापला की तो खडूच्या रेघेवर ठेवून पाहायचे.

''चाचा, माप कागदावर लिहिलेलं आहे.''

''लिहिलं असंल. मले फरशीवर दिसते.''

खरं भांडण फटीवरून झालं. रूळ ज्या पट्टीवर बसतात त्या पट्टीत चाचांना गोल भोकाच्या जागी लांबट भोक पाडायचं होतं. म्हणजे बोल्ट ढिला केला की रूळ थोडा मागेपुढे सरकवता आला असता. मी साफ नाही म्हटलं. माझं म्हणणं असं की लांबट भोक ठेवलं की गावातला जो येईल तो पाना घेऊन फट बदलेल, आणि दीड महिना केलेल्या हिशोबावर पाणी पडेल. फट सव्वासहा, ती पक्की. रूळ ज्यांत फिरतात ती बेअरिंगची घरं पट्टीला वेल्ड करून टाका.

चाचा म्हणाले, ''बेटा, भात दरसाल एकसारखा नसते. मशीनले थोडी जागा ठेवा लागते.''

''हा भात नाई चाचा. याचा पूर्ण हिशोब झाला आहे.''

''जंगलात जाऊन चालवून पाह्यला का?''

''त्याचीच तर गरज नसते. त्यासाठीच कॉम्प्युटर.''

''ठीक आहे,'' ते म्हणाले. ''डोस्कं तुझं, नाव तुझं. मी वेल्डिंग करतो.''

आणि त्यांनी अगदी चोख वेल्डिंग केलं. सायकलच्या पायडलवर चालणारी मशीन उभी राहिली. दुकानातच भोपळ्यातलं उरलेलं बी टाकून पाहिलं. कडकड आवाज झाला आणि खालच्या सुपात अख्ख्या चारोळ्या पडायला लागल्या. शंभरात दहासुद्धा फुटल्या नव्हत्या. मी चाचांकडे जरा तोऱ्यातच पाहिलं. त्यांनी एक चारोळी तोंडात टाकली आणि चावली.

मशीन गावात गेली ती ज्येष्ठात. टेम्पोत मी आणि चाचा. गावाच्या मधल्या मांडवात सगळे जमले होते, त्या बाईने बोलावून आणलेले. अकरा घरांनी राखून ठेवलेलं बी टोपल्यांमधून आलं होतं. कोणाचं आधी घालायचं, हा वाद नको म्हणून तिने प्रत्येक टोपलीतून ओंजळभर बी घेऊन एका सुपात मिसळलं. मशीन सगळ्यांची, तर पहिला घासही सगळ्यांचा, असं ती म्हणाली. पाटील बाजेवर बसून होता. पुरुष मागे उभे होते. तिने स्वतः सूप वर ओतलं आणि मला म्हणाली, ''चालव.''

मी पायडल मारलं. कडकड आवाज आला नाही. चरचर असा ओला आवाज आला. पायडल जड झालं. मी उभा राहून जोर दिला. खाली सुपात कवचाचे तुकडे आणि पांढरा तेलकट लगदा पडायला लागला. रुळांना तो चिकटून गोल फिरत होता. वास मात्र फार छान सुटला होता, आणि त्या वासाचाच मला तेव्हा सगळ्यात जास्त राग आला.

मी थांबलो. बोल्ट सोडायला पाना घेतला आणि आठवलं की सोडायला काही नाही. मीच सगळं वेल्ड करवून घेतलं होतं. आहे त्याच फटीतून आणखी एक ओंजळ घालून पाहिली, हळू चालवून पाहिलं. लगदाच.

मागून कोणीतरी हसलं. पाटील म्हणाला, ''हे तं आमची बुढी बी करते, दगडानं.'' त्यावर बरेच जण हसले.

ती खाली बसली, लगदा बोटांत घेतला, चोळला, वास घेतला. माझ्याकडे पाहिलंच नाही.

चाचांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी टोपलीतलं एक बी घेऊन दाताखाली दाबलं आणि तिला विचारलं, ''बाई, हे बी नवं आहे ना?''

''होय. पंडुम झाला ना आता.''

''आन आधी याले देलं ते?''

''ते मागच्या सालचं.''

मग तिने जे सांगितलं ते गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. नवं फळ, नवं बी झाडाला लागलं तरी पंडुम होईपर्यंत, म्हणजे देवाला पहिलं दिल्याशिवाय, त्याला कोणी हात लावत नाही. खात नाहीत, घरात आणत नाहीत, बाहेरच्याला तर देतच नाहीत. मी चैत्रात बी मागायला गेलो तेव्हा पंडुम व्हायचा होता. दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने सासऱ्याला विचारून घरात भोपळ्यात ठेवलेलं जुनं बी काढून दिलं. तिच्या दृष्टीने तिने मोठं मन केलं होतं. आणि मी त्या वर्षभर वाळलेल्या, कवचात खुळखुळणाऱ्या बियाची मापं घेऊन दीड महिना त्याचा दाब मोजत बसलो होतो. नवं बी टपोरं, आतली चारोळी कवचाला घट्ट भिडलेली, ओलसर. सव्वासहाच्या फटीत तिचं दुसरं काय होणार?

मी ओरडलोच, ''बाई, मले सांगतलं काऊन नाई ते जुनं होतं म्हणून!''

''तू बी मांगतलं, मी बी देलं,'' ती शांतपणे म्हणाली. ''नवं पायजे का जुनं, तू कुठी विचारलं?''

एवढ्या लोकांपुढे मी तिच्यावर ओरडलो होतो. गावाने तेही पाहिलं. तिची मान त्या दिवशी दोनदा खाली गेली आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे.

मशीन परत वडशाला आणली, बरोबर पिशवीभर नवं बी. चाचांनी गॅसने बेअरिंगची घरं कापली, लांबट भोकं पाडली, आणि फिरवला की फट कमीजास्त होईल असा एक दांडा बसवला. त्यात आठ-दहा दिवस गेले. तोवर मृग बरसला. कुरखेड्यापुढचा नाला भरला आणि टेम्पो जाईना. बी दमट झालं, व्यापाऱ्याची गाडी त्या वर्षापुरती येऊन गेलेली, आणि भाताची रोवणी तोंडावर. अकरा घरांनी आपापलं बी घरात, दगडावर, जमेल तसं फोडलं. बरंच बुरशीने गेलं. हे मला संस्थेच्या माणसाकडून कळलं. तिने माझ्यासाठी काही निरोप ठेवला नव्हता.

पावसाळाभर मी संगणकाशी भांडत राहिलो. नव्या बियाची मापं घातली, पुन्हा सहा-सहा तास वाट पाहिली, पुन्हा यूपीएस किंचाळला. चित्र आलं. त्याने सांगितलेली फट चाचांनी दुकानात नवं बी टाकून हाताने बसवलेल्या फटीच्या इतकी जवळ होती की मी कागद चुरगाळून फेकला. म्हणजे संगणक दोन्ही वेळा बरोबर होता. त्याला विचारणारा गाढव होता. हे चाचांना सांगितलं, संगणकातली तारीख मागे नेल्याचंही सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, ''मंग तारीख आता तरी बरोबर कर त्याच्यातली.''

पुढच्या वर्षी पंडुम झाल्यावर मशीन पुन्हा गावात गेली. या वेळी गावाला बोलावणारी ती नव्हती. संस्थेच्या माणसाने पाटलाला सांगितलं आणि पाटलाने गावाला. चाचांनी दांडा फिरवून चार ओंजळी बी घालून फट जमवली आणि मग मशीन चालायला लागली ती दिवसभर चालली. अख्ख्या, पांढऱ्या-पिवळ्या चारोळ्या. अकरातली नऊ घरं आली, आणखी पाच-सहा आली. बाया पाळीपाळीने पायडल मारत होत्या, हसत होत्या. पाटील ज्याला-त्याला सांगत होता, ''मी तं पह्यलंच म्हणून राह्यलो होतो, मशीन पायजे म्हणून.'' मला वाटलं, आता कोणीतरी त्याला टोकेल. कोणी टोकलं नाही.

ती आली होती. आपली टोपली घेऊन रांगेत उभी राहिली, आपली पाळी आली तेव्हा पायडल मारलं, आपली चारोळी भरून घेतली. मी तिच्याजवळ गेलो. वर्षभर मनात घोळवलेलं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, ''बाई, हे तुम्हीच सांगतलं होतं लोकायले. सगळ्यात आधी.''

''सांगतलं होतं,'' ती म्हणाली. ''तवा खोटं झालं. आता खरं झालं, तं ते पाटलाचं झालं.''

''मी सांगतो ना सभेत. चूक माझी होती म्हणून.''

''तू सांगून काय होते, बाबू? तू गावचा हायेस का?''

आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता.

दुपार उतरल्यावर सभा भरली. मशीन कोणाच्या घरी ठेवायची, कोणी सांभाळायची, पुढच्या वर्षी किती घरं येणार, हे ठरवायचं होतं. मी उठून सांगितलं की मागच्या वर्षीची चूक पूर्णपणे माझी होती, बाईंची नव्हती. लोकांनी ऐकून घेतलं. पाटील म्हणाला, ''झालं गेलं,'' आणि पुढच्या विषयाला लागला. संस्थेच्या माणसाने मग बायांकडे वळून विचारलं की काम तर तुम्हीच करणार, तुमचं काय म्हणणं आहे? मागे बसलेल्या सगळ्या बायांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदराने टोपली झाकत होती. तिने नकारार्थी मान हलवली, टोपली उचलली आणि घरी गेली. मशीन पाटलाच्या घरी ठेवायचं ठरलं. त्या सभेत एकही बाई बोलली नाही.